राणीची कोठी : कहाणी आणि कागद

वाचकहो, आरंभीच एक खुलासा करून टाकलेला बरा. गेल्या उन्हाळ्यात लंडन शहरी मी एका दुपारी लागोपाठ चार मद्यगृहांची पायरी चढलो आणि चारही ठिकाणी संत्र्याचा रस पिऊन उतरलो. चौथ्या ठिकाणापर्यंत पोटात संत्र्याची बागच तयार झाली होती. तेव्हा विषय वाचून प्राचार्यांनी भुवया उंचावू नयेत, आणि मागच्या बाकावरच्या मंडळींनीही उगाच हुरळून जाऊ नये. हा लेख मद्याविषयी नाही, इतिहासाविषयी आहे. आणि थोडासा माझ्या एका चुकीविषयी आहे.

त्याचे असे झाले. मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते. तिच्याकडे आम्ही दोघे महिनाभर जाऊन राहिलो. राजवाडे, किल्ला, संग्रहालये सगळे पाहून झाले. मग एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. आता राजांशी नाते सांगणाऱ्या जुन्या पबांची पायी सफर करून या. बरोबर वाटाड्या असतो." मी हो-नाही करत होतो. सौभाग्यवतींनी तर स्पष्टच सांगितले, "मी बाहेर बाकावर बसेन, पण आत येणार नाही." प्रत्यक्षात पहिल्याच ठिकाणी पावसाची सर आली आणि तो प्रश्न परस्पर मिटला.

अशा सफरी आता तिकडे नित्याच्या झाल्या आहेत. ठरल्या वेळी एखाद्या स्टेशनाबाहेर दहा-बारा माणसे जमतात. वाटाड्या पुढे चालतो, प्रत्येक पबासमोर उभा राहून त्याची हकीकत सांगतो, मग सारे आत जाऊन अर्धा तास बसतात आणि पुढे निघतात. आमची वाट फॅरिंग्डन स्टेशनापासून क्वीन स्क्वेअरपर्यंतची, अंतर जेमतेम दोन किलोमीटर. आमच्या वाटाड्या म्हणजे साठी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. हातात मिटलेली छत्री. त्यांनी आरंभीच आम्हां प्रवाशांना एक नियम सांगितला. "छत्री माझ्या उजव्या हातात असेल तेव्हा मी जे सांगेन त्याला कागद आहे. छत्री डाव्या हातात गेली की समजा, ही कहाणी आहे. दोन्ही ऐका. पण हात बघून ऐका."

मास्तरकीत माझीही हयात गेली आहे. पण इतकी सोपी युक्ती मला कधी सुचली नव्हती.

आता पब म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. आपल्याकडे गुत्ता म्हटले की माणूस मान खाली घालून आत शिरतो आणि बाहेर पडताना दोन्ही बाजूंना बघतो. इंग्रजांच्या पबाचे तसे नाही. पब हे 'पब्लिक हाउस' या शब्दाचे तुटके रूप. म्हणजे सार्वजनिक घर. तिथे पेयाबरोबर जेवण असते, गप्पा असतात, गल्लीतल्या सभा भरतात. आणि दारावर रंगीत चित्राची पाटी टांगलेली असते. दुसऱ्या रिचर्डच्या काळात, १३९३ साली, एल नावाचे पेय विकणाऱ्याने दारावर खूण टांगलीच पाहिजे असा दंडक झाला. तपासनीसाला दुकान ओळखता यावे, हा हेतू. गिऱ्हाइकांना अक्षरओळख नसे, म्हणून खूण चित्राची. पांढरे हरीण ही त्या राजाची स्वतःची खूण. 'व्हाइट हार्ट' नावाचे पब आजही गावोगावी आहेत. राजा आणि पब यांची सोयरीक ही अशी जुनी आहे. राजाचे नाव लावले की राजनिष्ठा दिसते आणि गिऱ्हाईकही येते.

पण नाव असणे वेगळे आणि राजा तिथे येऊन गेला असे म्हणणे वेगळे. 'रॉयल ओक' हे नाव घ्या. १६५१ च्या सप्टेंबरात वूस्टरच्या लढाईत हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल येथे एका ओक वृक्षावर दिवसभर लपून बसला होता. पुढे राजा झाल्यावर, १६८० साली, त्याने आपल्या पलायनाची हकीकत स्वतः सांगितली आणि सॅम्युएल पीप्सने ती लिहून घेतली. ही गोष्ट उजव्या हातातली. 'रॉयल ओक' नावाचा कुठलाही पब असे म्हणत नाही की राजा आमच्या माळ्यावर लपला होता. तो फक्त आठवण ठेवतो. ही आठवण प्रामाणिक आहे.

आमचा पहिला मुक्काम स्टेशनासमोरच्या 'कॅसल' या पबात झाला. बाईंची छत्री डाव्या हातात गेली. चौथा जॉर्ज मोठा शौकीन. एकदा तो जवळच कोंबड्यांच्या झुंजीला आला आणि खिशातला पैसान् पैसा हरला. या पबाच्या मालकाकडे त्याने आपले घड्याळ गहाण टाकले, उसने पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून घड्याळ सोडवले. खूश होऊन त्याने मालकाला गहाणवटीचा धंदा करण्याचा परवाना दिला. कहाणी इथे संपली आणि छत्री उजव्या हातात आली. "ते वर पाहा, तीन गोळे टांगलेत. गहाणवटीच्या दुकानाची ती खूण. ती खरोखर इथे आहे. आणि जॉर्ज कर्जबाजारी होता यालाही कागद आहे. १७९५ साली, तो युवराज असताना, त्याचे कर्ज सुमारे ६,३०,००० पौंड झाले होते. ते कसे फेडायचे हा प्रश्न पार्लमेंटपुढे गेला."

मी चपापलो. कहाणीतला युवराज एक घड्याळ गहाण टाकतो. कागदावरचा युवराज देशाची तिजोरीच गहाण टाकायला निघाला होता! कुठली गोष्ट अधिक चमत्कारिक?

दुसरा मुक्काम 'ओल्ड मायटर'. हॅटन गार्डन ही आज लंडनमधली जवाहिऱ्यांची गल्ली. तिच्यातून एक बोळ आत जातो. समोरासमोर दोन माणसे आली तर एकाने अंग चोरावे, इतका अरुंद. त्या बोळात हा पब. पाटीवर साल १५४६. ईलीच्या बिशपचा वाडा या जागेवर होता आणि वाड्यातल्या नोकरचाकरांसाठी हा पब निघाला. आताची इमारत मात्र अठराव्या शतकातली आहे, हे बाईंनी आम्ही न विचारताच सांगितले. आत कोपऱ्यात चेरीच्या झाडाचे एक जुने खोड जपून ठेवलेले आहे. डाव्या हाताची कहाणी अशी की, पहिली एलिझाबेथ राणी आपल्या मर्जीतल्या सर ख्रिस्तोफर हॅटन याच्यासह या झाडाभोवती नाचली.

मग छत्री उजव्या हातात. "या हॅटनला बिशपच्या वाड्याचा काही भाग आणि बाग हवी होती. बिशप द्यायला तयार नव्हता. राणीने दडपण आणले. १५७६ मध्ये भाडेपट्टा झाला. भाडे किती? वर्षाला दहा पौंड, दहा गाड्या वाळलेले गवत आणि एक लाल गुलाब." बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नाच मला दाखवता येत नाही. पण राजाची मर्जी म्हणजे काय, ते हा गुलाब पुरेपूर सांगतो."

आमच्यातल्या एका तरुणाने वहीत ते भाडे टिपून घेतले. नाच कोणीच टिपून घेतला नाही.

तिसऱ्या ठिकाणी सौभाग्यवती रमल्या. हाय होबर्नवरचा 'प्रिन्सेस लुईझ'. नाव व्हिक्टोरिया राणीच्या चौथ्या मुलीचे. पब १८७२ मधला, आतली सजावट १८९१ मधली. भिंतींवर रंगीत फरश्या, नक्षी कोरलेल्या काचा, कोरीव लाकूड. इथे छत्री पहिल्यापासून उजव्या हातात होती, कारण राजकन्या येऊन गेल्याची एकही कहाणी बाईंना सांगायची नव्हती. त्यांनी आम्हांला लाकूड-काचेच्या आडभिंती दाखवल्या. एकाच छपराखाली छोटे छोटे कप्पे. त्या काळी पबातही कारकुनाने मजुराच्या मांडीला मांडी लावून बसू नये, बाईमाणसाकडे कोणाची नजर जाऊ नये, म्हणून अशा आडभिंती घालत. मधल्या काळात त्या निघून गेल्या होत्या; २००७ मध्ये जुन्या धर्तीवर पुन्हा बसवल्या. आपल्याकडच्या जुन्या चहाच्या दुकानातली वेगळी टांगलेली कपबशी मला आठवली. जातीचा विटाळ तो वेगळा आणि वर्गाचा आडपडदा हा वेगळा, हे मला कळते. पण माणसाला माणसापासून दूर बसवण्याची कला कुठल्याच देशाला कुणाकडून शिकावी लागलेली नाही, एवढे खरे. राजकन्येच्या नावाने सुरू झालेली हकीकत अशी मजुराच्या बाकापर्यंत आली.

आणि चौथा मुक्काम क्वीन स्क्वेअरमधला 'क्वीन्स लार्डर'. लार्डर म्हणजे स्वयंपाकघराची कोठी. लेखाला नाव दिले आहे ते यावरून. छत्री डावीकडे. तिसऱ्या जॉर्जला वेडाचे झटके येऊ लागले. त्याच्यावर याच चौकातल्या एका डॉक्टरच्या घरी उपचार चालले होते. राणी शार्लट पतिव्रता. नवऱ्याला आवडीचे पदार्थ मिळावेत म्हणून तिने या घराचे तळघर भाड्याने घेतले आणि तिथे फराळाचे जिन्नस साठवले. हे ऐकताना आमच्यातल्या दोघीतिघींचे डोळे पाणावले. हिनेही माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, आजारपणात लाडू करून दिल्याच्या सगळ्या तारखा मला आठवाव्यात.

छत्री उजवीकडे गेली. "राजा आजारी पडला तो १७८८ साली. लिंकनशायरहून डॉक्टर फ्रान्सिस विलिस यांना बोलावून घेतले. उपचार झाले ते क्यू येथल्या राजवाड्यात, इथे नव्हेत. क्यू इथून कित्येक मैल दूर आहे. राणीच्या तळघराला कागद नाही." आम्ही हिरमुसलो. तेव्हा बाईंनी छत्रीने चौकातला पुतळा दाखवला. "आता तो पुतळा पाहा. हा चौक ॲन राणीच्या नावाचा. म्हणून पुतळाही तिचाच, असे लोक दीर्घकाळ समजत होते. पुढे लक्षात आले की तो शार्लटचा आहे. म्हणजे जिला तळघर मिळाले तिला कागद नाही, आणि जिचा पुतळा होता तिला नाव नव्हते!"

सगळे खदखदून हसले. हिरमोड गेला. मी मात्र हसू शकलो नाही. का, ते सांगतो.

आमच्या भागातल्या एका किल्ल्यावर मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या. तिथे तटाच्या पोटात तोंड बुजलेले एक भुयार आहे. वेढा पडला असता राणी तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून या भुयारातून निसटली आणि दहा कोसांवर बाहेर पडली, असे मी सांगत असे. माझ्या गुरुजींनी मला तसेच सांगितले होते. सांगताना माझा आवाज भरून येई, पोरे गप्प होऊन ऐकत. एका वर्षी कन्नड माध्यमातून आलेली एक मुलगी उभी राहिली. अडखळत्या मराठीत तिने विचारले, "सर, ह्याला पुरावा काय हाय?" मी म्हणालो, "मोठी माणसे सांगत आली आहेत. बस खाली." पोरे हसली. ती बसली. त्यानंतर वर्षभर तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

पुरावा माझ्यापाशी नव्हता. मी कधी शोधलाही नव्हता. माझी छत्री इतकी वर्षे एकाच हातात होती आणि तो हात कुठला, हे मी कुणालाच कळू दिले नव्हते.

ज्या भाषेने 'बखर' आणि 'कागद' असे दोन वेगळे शब्द जपले, त्या भाषेच्या मास्तराने हे करावे याची मला लाज वाटली. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्याच्या प्रस्तावनेत बखरींची त्यांनी कागदपत्रांच्या कसोटीवर झाडाझडती घेतली. पुढे वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा करत ते वणवण हिंडले. हे मी परीक्षेसाठी मुलांकडून पाठ करून घेतले. फक्त किल्ल्यावर चढताना ते पायथ्याशी ठेवून गेलो.

त्या संध्याकाळी घरी परतताना ही म्हणाली, "पण तुमच्या त्या बाईंनी राणीची गोष्ट मोडलीच की. मग मजा काय राहिली? लोक पैसे देतात ते गोष्टीसाठी." आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सफरीचा धंदा कहाणीवर चालतो. राजाचे नाव काढून घेतले तर कित्येक पबांसमोर कोणी उभेही राहणार नाही. शिवाय जनमानसातली कहाणी हीसुद्धा एक वस्तू आहे. लोकांना काय खरे वाटावेसे वाटले, ते ती सांगते. राणीने नवऱ्यासाठी कोठी भरली, हे लोकांना हवे होते. वेड्या राजाच्या वाट्याला कुणाची तरी माया यावी, असे वाटणाऱ्या माणसांची ती कहाणी आहे. ती पुसून टाका असे मी म्हणत नाही. बाईंनीही पुसली नाही, रंगवून सांगितली. फक्त तिच्यावर 'कहाणी' अशी चिठ्ठी लावली. देवळात देव आणि पुजारी दोघेही असतात. पुजाऱ्यालाच देव समजून नमस्कार करू नये, एवढेच.

आणि मजा गेली असेही झाले नाही. आज इतक्या दिवसांनी मला आठवतो तो लाल गुलाब, सहा लाख तीस हजारांचे कर्ज आणि नाव चुकलेला पुतळा. तिन्ही उजव्या हातातले.

कागदाची किंमत केवळ पंडितांपुरती नसते, याचे एक उदाहरण लंडनमध्येच घडलेले आहे. वायव्य लंडनमध्ये 'कार्लटन टॅव्हर्न' नावाचा पब होता. १९२०-२१ च्या सुमाराचा, साधा, गल्लीतला. राजाचे नाव नाही, राणीची कहाणी नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये जागेच्या मालकाने तो परवानगीशिवाय पाडला. आणि तोही वारसा-यादीत घेण्याचा विचार चालू असताना. गल्लीतली माणसे खवळली. नगरपालिकेने हुकूम काढला की, जसा होता तसा पुन्हा बांधा. पण जसा होता तसा म्हणजे कसा? सुदैवाने त्या इमारतीची तपशीलवार नोंद आधीच होऊन गेली होती. त्या नोंदीच्या आधारे पब पुन्हा उभा राहिला आणि २०२१ मध्ये त्याची दारे उघडली. कहाणीच्या आधारावर एक वीटही बसवता आली नसती.

खोटी खूण लावणे हा एक दोष. खरी खूण पुसणे हा दुसरा. तोही मला लंडनमध्येच दिसला, आणि त्याचा आपल्याशी सरळ संबंध आहे.

मुलीचे घर पूर्व लंडनमध्ये, व्हिक्टोरिया पार्कच्या जवळ. सकाळी फिरायला जाताना वाटेवर एक पब लागे. पाटीवर नाव 'द एम्प्रेस'. सम्राज्ञी. कुठली सम्राज्ञी? चौकशी केली तेव्हा कळले की पबाचे मूळ नाव होते 'द एम्प्रेस ऑफ इंडिया'. मागचा 'इंडिया' गळला. एका परीने मला बरेच वाटले. साम्राज्याची ऐट उतरली म्हणायची. पण चार पावले पुढे गेल्यावर मन खट्टू झाले.

व्हिक्टोरिया राणीला 'भारताची सम्राज्ञी' हा किताब देणारा कायदा १८७६ चा. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून तो जाहीर झाला. हत्ती, निशाणे, तोफा, सगळा थाट. आणि त्याच दिवशी आपल्या मुलखात काय चालले होते? १८७६-७८ चा तो भयंकर दुष्काळ. मुंबई इलाख्यातले सोलापूर, कलादगी, धारवाड आणि आपले बेळगाव. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद, सगळा दख्खन होरपळत होता. शके १७९८, धातृ संवत्सर. दक्षिणेत त्या दुष्काळाला संवत्सराच्याच नावाने ओळखतात. पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. दिल्लीतल्या मेजवान्या आणि दख्खनमधले खडी फोडणारे सांगाडे ही एकाच तारखेची दोन पाने आहेत.

आता पाटीवरून 'इंडिया' गेला म्हणजे सम्राज्ञी तेवढी राहिली; तिची प्रजा गेली. पाटीखाली उभे राहून त्या दोन पानांची हकीकत सांगायला निमित्तही उरले नाही. मला विचाराल तर मी म्हणेन, जुने नाव राहू द्या, आणि खाली दोन ओळी दुष्काळाच्या लिहा. नाव पुसल्याने पाप पुसले जात नाही. ते फक्त विसरायला सोपे जाते.

वाचकहो, पाटी हा शब्द आपल्या गावात उच्चारला की दोघेतिघे वळून बघतात, हे मला ठाऊक आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून आपल्या शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. घरात आम्ही बेळगावच म्हणतो. कुठल्या दुकानावर कुठले अक्षर वर आणि कुठले खाली, यावरून इथे दगड उचलले गेले आहेत. त्या वादात मी या लेखातून शिरत नाही. फक्त एवढे म्हणतो की, असा दगड उचलणाऱ्याच्या दुसऱ्या हातात बहुधा एखादी कहाणी असते. 'आमचा राजा इथे आला होता', 'आमच्या राणीने हे बांधले'. दोन्हीकडच्या कहाण्या दोन्हीकडच्या मास्तरांनी, आवाज भरून येत असताना, हात न दाखवता सांगितलेल्या असतात. मीही त्या मास्तरांपैकी एक. म्हणून भुयाराची गोष्ट मी आज निरुपद्रवी मानत नाही.

यावर उपाय म्हणून एक सूचना करतो. या अंकाचा एक भाग मराठी आहे, एक कन्नड. दोन्ही विभागांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून आपल्या गावाची अशीच एक पायी सफर रचावी. पब नको, आपल्याकडे चहा आहे आणि कुंदा आहे. किल्ल्यापासून सुरुवात करावी. एकाच तटाच्या आत कमलबस्तीचे जैन मंदिर आहे आणि सफा मशीदही आहे. तिथून काँग्रेस विहिरीकडे यावे. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनाच्या वेळी ती खणली गेली. प्रत्येक ठिकाणी दोघांनी बोलावे. एकाने कहाणी सांगावी, दुसऱ्याने कागद. पुढच्या ठिकाणी कामे बदलावीत.

यात एक गंमत आहे, ती लक्षात घ्या. कहाणी ज्याची त्याला आपापल्या भाषेत एकट्याने सांगता येते. कागदाचे तसे नाही. या मुलखातले शिलालेख जुन्या कन्नडात आहेत. पेशवाईतली दप्तरे मोडीत आहेत. त्याआधीची फर्माने फारसीत आणि नंतरची दप्तरे इंग्रजीत. मराठी मुलाला हळेगन्नड वाचता येत नाही, कन्नड मुलीला मोडी येत नाही, आणि फारसीसाठी दोघांनाही तिसऱ्याच्या दारी जावे लागते. कागद वाचायचा म्हटला की शेजाऱ्याची गरज लागते. कहाणीला शेजारी लागत नाही. कधी कधी तर तो नसलेलाच बरा वाटतो.

मी आता निवृत्तीला आलो आहे. किल्ल्यावर कदाचित आणखी एकदोनदाच चढेन. त्या भुयाराशी मी पुन्हा थांबणार आहे आणि राणीची गोष्टही सांगणार आहे, कारण ती सुंदर आहे. पण सांगण्याआधी म्हणेन, "मुलांनो, ही कहाणी आहे. माझ्यापाशी कागद नाही. तुम्हांला मिळाला तर मला आणून दाखवा."

आणि जिला मी 'बस खाली' म्हणालो, ती विद्यार्थिनी हा अंक कुठे वाचत असेल, मराठी पानांवर किंवा कुणाकडून अर्थ विचारून घेत कन्नडातून, तर तिला एवढेच सांगायचे आहे : बाई, तुझा प्रश्न बरोबर होता. उभे राहायचे होते ते मी, उत्तर नाही म्हणून.